डावं पाऊल

माझं माहेर नांदेडजवळच्या उमरीचं, म्हणून बाळंतपण नांदेडला झालं. नर्सबाईंनी लेकीला दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं, तेव्हा मी आधी तिचं नाक पाहिलं. ते हुबेहूब बापाचं होतं. पाय पाहिले ते डॉक्टरांनी. डावं पाऊल आत वळलेलं होतं. मांडी घालून बसलेल्या माणसाचा तळवा जसा वर दिसतो, तसा तिचा दिसत होता.

डॉक्टर शांतपणे सांगत होते की अशी बाळं बरीच असतात, लवकर सुरुवात केली तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ आणता येतं. लातूरला शिकवणीच्या वर्गात मी जीवशास्त्र शिकवते. पायाची हाडं मी झोपेतही म्हणून दाखवीन. पण त्या दिवशी मला ‘प्लास्टर’ या शब्दापुढचं काहीच ऐकू आलं नाही.

उमरीला घरी आल्यावर शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या. ग्रहणात मी काही चिरलं-कापलं होतं का, अशी त्यांनी हळूच चौकशी केली. माझे वडील निवृत्त शिक्षक. ते ओसरीवरूनच म्हणाले, “ग्रहण सगळ्या तालुक्यावर होतं, वहिनी. मग बाकीच्या लेकरांचे पाय कसे काय सरळ?” काकूंनाच हसू आलं. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

बाळाला घेऊन आम्ही लवकरच लातूरला आलो आणि प्लास्टर सुरू झालं. पहिल्या वेळी ती इतकी रडली की मीही रडायला लागले. इथले हाडांचे डॉक्टर पाऊल हातात धरून, मान वर न करता म्हणाले, “दूध पाजा. पायाला दुखत नाहीये, भूक लागलीय तिला.” पाजायला घेतलं आणि ती गप्प झाली. तेव्हापासून प्लास्टरच्या दिवशी तिला भुकेली ठेवूनच न्यायचं, असं ठरलं. ती दूध पीत राहायची आणि डॉक्टर तिचं पाऊल थोडं थोडं बाहेर वळवायचे.

घरी त्या प्लास्टरभोवती आमचा एक वेगळाच संसार उभा राहिला. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. नवरा रोज सकाळी तिच्या बोटांची तपासणी करायचा, कारण बोटं थंड किंवा निळी पडली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि लेक? तिला पायाला बांधलेलं वजन फार आवडलं. प्लास्टरची टाच पलंगाच्या फळीवर आपटली की ठक्क आवाज येतो, हा शोध तिनं लावला आणि सगळ्या घराला ऐकवला.

थंडी पडली तशी सासूबाईंनी तिच्या बोटांपुरता छोटासा निळा मोजा विणला. एका दुपारी मी मोजा काढला. पाचही बोटं निळी होती. मी हाक मारली, सासूबाई धावत आल्या, नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यापर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. लेक मात्र माझ्या मांडीवर रस्त्यावरच्या गाड्या बघत खुशीत होती.

डॉक्टरांनी बोट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग कापसावर स्पिरिट घेऊन ते बोटांवरून फिरवलं. कापूस निळा झाला आणि बोटं गुलाबी.

“मोजा नवा आहे का?” त्यांनी विचारलं.

दुपट्याबरोबर मोजाही ओला झाला होता आणि लोकरीचा रंग उतरला होता. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “लई घाबरवलं की माय मी तुमाला,” त्या म्हणाल्या. डॉक्टरही हसत होते. पण आम्ही आलो ते बरंच केलं, पुन्हा असं दिसलं तरी असंच या, असं त्यांनी आवर्जून सांगितलं.

शेवटच्या प्लास्टरआधी टाचेमागची आखडलेली धोंडशीर थोडी कापावी लागली. काम लहानसंच होतं. नवरा बाहेर चहाचा कप धरून उभा राहिला. मी तिला घेऊन बाहेर आले तेव्हा कप तसाच भरलेला होता, त्यावर साय धरली होती.

नंतर बूट आले. दोन बूट आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. ते घालून तिला पहिल्यांदा उमरीला नेताना नांदेडच्या एसटीत शेजारी शेतावरची एक बाई बसली होती. लेकरू पडलं का, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं पाय निरखून पाहिला आणि म्हणाली, “मग सरळच हाय की आता.” इतकं साधं बोलणं, पण मला फार बरं वाटलं. तेवढ्यात लेकीनं दोन्ही पाय एकदम झाडले आणि पट्टी कंडक्टरच्या कोपराला लागली. कोपर चोळत ते म्हणाले, “हिचं फुल तिकीट काढा, ताई. लाथा मोठ्या माणसाच्या हायेत.” पुढच्या थांब्यापर्यंत अर्धी एसटी तिच्याशी खेळत होती.

ती पहिल्यांदा चालली तेव्हा मी वर्गात होते. सासूबाईंचा फोन आला. कूलरचा आधार सोडून पोरगी आजोबांपर्यंत, म्हणजे माझ्या सासऱ्यांपर्यंत, चालत गेली, असं त्या सांगत होत्या. पुढचा तास मी कसा घेतला, ते मुलांनाच ठाऊक. संध्याकाळी धावत घरी आले, तर बाईसाहेब फरशीवर बसून वाटी चाटत होत्या. मी पुढे हात केले, खुळखुळा वाजवला, बिस्कीट दाखवलं. ती ढिम्म हलली नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे, दमलीय ती.

झोपताना बूट अजूनही घालावे लागतात. त्या रात्रीही घातले. सकाळी मी ते काढले, तिला खाली ठेवलं आणि केर काढायला वळले. दारात मांजर आलं होतं. ती उठली आणि दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकवत, डुलत डुलत त्याच्या मागे निघाली. मी केरसुणी हातात घेऊन जागीच उभी राहिले. मांजर पळालं. लेक धपकन खाली बसली आणि सगळा दोष माझाच असल्यासारखी माझ्याकडे बघून ओरडली.