आप्पांची वीत

लॅबमधले किस्से कुणी जपून ठेवत नाही. चहाच्या कपांसारखे ते टेबलावर साचत जातात आणि पाहुणा आला की आवरायला निघतात. तुम्ही आलाच आहात, तर बसा.

आमची लॅब रांजणगावला. एखादं यंत्र रेडिओ लहरी सोडून शेजारच्या यंत्रांना किती छळतं, ते आम्ही एका बंद खोलीत मोजतो. पण आधी परीक्षा खोलीची. मुठीएवढी एक डबी आत टेबलावर ठेवायची. ती रोज ठरलेल्याच लहरी सोडते. आकडे कालच्यासारखे आले तर खोली बरोबर. डबीचं नाव बारकी. ठेवलं आप्पांनी, म्हणजे आमच्या इनामगावच्या सिनियर टेक्निशियननी. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं. "आधी आपली मेंढरं मोजायची, मंग लोकांची," म्हणायचे.

*

बारकीचं खरं नाव 'रेडिएशन सोर्स' आहे हे दौंडला आईला कळलं आणि तिने 'नोकरी सोड' असा धोशा लावला. तिला काय बोलू? पहिल्या दिवशी मीही तोंड फिरवून, हात लांब करून ती धरली होती. आप्पांनी ती घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि चहाला निघाले.

"पोरी, तुझा मोबाईल हिच्याहून लई जास्त ओकतो."

*

एकदा आकडेच येईनात. मी केबल बदलली, अँटेना तपासला, सरांना बोलावलं, रडायच्या बेतात आले. आप्पा आत जाऊन आले आणि आकडे सुरू!

"बॅटरी ढिली बसली व्हती," त्यांनी सरांना सांगितलं. सर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "बारकीचं बटन दाबायचं ऱ्हायलं व्हतं. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

बटण दाबायचं काम माझं होतं.

*

आप्पा रिटायर झाले. खोली एकटीने सांभाळता आली तरच पर्मनंट, असं सरांनी मला बजावलं. खंडेनवमीला सगळं घासूनपुसून आम्ही बारकीला हळदकुंकू वाहिलं. त्या सफाईत टेबलावरच्या, बारकीची जागा दाखवणाऱ्या मळक्या टेपच्या खुणा कुणीतरी काढून टाकल्या. कुणीतरी म्हणजे मी.

सुट्टी संपली आणि आकडे जुळेनात. कस्टमर बाहेर बसलेला. "आज टेस्ट होणार नाही," असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. मी दचकले. आवाज माझाच होता.

आप्पांना फोन लावला. कडंपासनं एक वीत, एवढंच सांगितलं त्यांनी. मी वीत मोजून बारकी ठेवली. तरी जुळेना.

फोनवर आप्पांनी विचारलं, "तुझी वीत धरलीस व्हय?"

दुपारी ते इनामगावहून आले, व्हिजिटर पास लावून. टेबलाच्या कडेला अंगठा टेकवून पंजा पसरला, करंगळीपाशी बारकी ठेवली. आकडे जुळले. मी पेन्सिलीने त्यांच्या पंजाभोवती रेघ ओढून घेतली.

"हळू गं, गुदगुल्या व्हत्यात."

*

पर्मनंटचं पत्र मिळालं, पण ऑडिटनंतर. प्रत्येक माप कुठून आलं याचा पुरावा ऑडिटर मागत होते. कागदामागून कागद दाखवत आम्ही खोलीत पोचलो. टेबलावरचा पंजा त्यांनी वाकून पाहिला, पट्टी काढून मोजला, वहीत लिहिला.

"या मापाचं मूळ कुठपर्यंत दाखवता येईल?"

सर माझ्याकडे बघायला लागले.

"इनामगावपर्यंत, सर."