स्प्रिंग सरकेल म्हणून

हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मला तो गॅस वाटला. ओवा चावला, सोडा प्यालो. घाम थांबेना तेव्हा बायकोने शेजाऱ्याला गाडी काढायला लावली. दवाखान्यात छातीतल्या एका चोंदलेल्या नळीत स्प्रिंग टाकली.

नळी म्हटल्यावर आजार मला लगेच समजला, असं मी धरून चाललो. हिंगणीच्या शेतात ठिबकची नळी चोंदली की मी तेवढा तुकडा कापून जॉइनर बसवतो. नळी मुडपली किंवा मोटरचा दाब वाढला की जॉइनर निसटतो. छातीतही तसंच असणार. मग कोणालाही न विचारता मी नियम केले: वाकायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं नाही, जोरात हसायचं किंवा शिंकायचं नाही. सिंदी मेघेतल्या घरात मी बांबूसारखा ताठ फिरू लागलो.

हिवाळा आला आणि शेतात वांग्याची भाजी आणि रोडगे असा बेत ठरला. कणकेचे गोळे एकात एक भरून गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे. ते वाकून उलटवायचं काम आमच्याकडे माझंच. आता ते आपल्याच्याने कधीच होणार नाही, या विचाराने मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

नेमकी त्याच आठवड्यात तपासणी होती. बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, हे वाकून काऊन नाई राह्यले, ते इचारा बरं यायले."

मी जॉइनरचा सगळा हिशेब मांडला. बाई टेबलावर हात ठेवून हसल्या.

"काका, स्प्रिंग फुगवून भिंतीत दाबून बसवली आहे. तिच्यावर आतलं अस्तर चढतं. वाकल्याने ती सरकत नाही. गोळ्या चुकवल्या तर मात्र पुन्हा चोंदू शकते."

"आणि डावी कूस?"

"खुशाल झोपा."

तरी रविवारी शेतात मी खुर्चीतच बसलो. ऐकलेलं पटलं होतं, पण अंगाला पटत नव्हतं. आरापाशी माझा साळा, बायकोचा भाऊ, होता. त्याचे तीन रोडगे एका बाजूने कोळसा झाले.

"बाजूले सरक," मी म्हणालो.

"भाऊजी, सांभाळा हं. स्प्रिंग उडून भाजीत पडली तर वांगं समजून खाईन मी!"

मी वाकलो. श्वास रोखून पहिला रोडगा उलटवला. काही झालं नाही. दुसरा उलटवला. तिसऱ्याला श्वास रोखायचं विसरलोच. मग सगळा आर मीच सांभाळला आणि एकही रोडगा करपू दिला नाही. तुपाच्या बाबतीत बायकोने दया दाखवली नाही. एका चमच्यावर बोळवण केली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, "अजी, आता वाकता येते ना? मंग दिवाणाखालच्या पेट्या काढा. दिवाळीपासून झाडलं नाई तिथं."

मी गुडघे टेकून दिवाणाखाली शिरलो. धूळ नाकात गेली, सणसणीत शिंक आली, आणि मी तिथूनच ओरडून विचारलं, "कोणती आधी काढू?"