बारीक पोर वाट काढतं

"वजन हिचं घेतलंस की हिच्या शेळीचं?"

काट्यावरचा आकडा सांगणाऱ्या सिस्टरला टेबलापाशी बसलेली दुसरी सिस्टर विचारत होती. दोघी हसल्या. मनात खोट अशी नसावी. सकाळपासून बाया तपासून कंटाळल्या होत्या, हसायला काहीतरी हवं होतं. काट्यावर माझी वहिनी उभी होती, नववा लागलेली. तीही हसली. आपल्याला कुणी हसलं की आपणही हसावं, म्हणजे लवकर संपतं. मला हे इंग्रजी शाळेत शिकावं लागलं. ती घरूनच शिकून आली होती.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ मुंबईत हॉटेलात कामाला असतो. ती आणि तिची सासू, म्हणजे माझी काकी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या मूळ गावी राहतात. मे संपत आला होता. दोघी सकाळच्या एसटीनं महाडला तपासणीला आल्या आणि आईनं मला सोबत धाडलं. "तू इंग्रजीत बोललीस की डॉक्टर नीट बघतात," आई म्हणाली. मी महाडातल्या एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवते, दिवसभर इंग्रजी बडबडगीतं म्हणते. मोठ्या माणसांशी मात्र मला कुठल्याच भाषेत फारसं बोलता येत नाही.

डॉक्टरबाईंनी वहिनीची खालची पापणी ओढून पाहिली आणि रिपोर्ट तिच्याऐवजी माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीत म्हणाल्या, या लोकांना सांगून सांगून थकले, आता तुमच्यासारख्यांनीच काहीतरी करायला हवं. मग विचारलं, तुम्ही कुठल्या संस्थेकडून येता? मी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे मलाही सांगता येणार नाही. बाईंना ती पुरली.

त्या काकीकडे वळल्या. "आजी, हिच्या अंगात रक्त आहे की पाणी? खायला घालता की नाही सुनेला?"

"खाते की मॅडम. चांगली खाते. अंगाला लागत नाय, त्याला मी काय करू?"

"मोबाईल बघत बघत खात असेल."

वहिनीकडे मोबाईल नव्हता. ती परत हसली.

"उद्या ॲडमिट करा. रक्त चढवावं लागेल. आणि मोकळी होईपर्यंत हिला वर नेऊ नका. महाडात कुणाकडे तरी ठेवा."

"लेकाला इचारून सांगते."

"विचारा, विचारा. आणि काही झालं की मग माझ्या काचा फोडायला या."

बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी हे सगळं ऐकलं होतं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी पाय आत घेऊन आम्हाला वाट दिली, पुढून मढं न्यावं तशी.

स्टँडवर गाडीला वेळ होता. मी तीन वडापाव आणले. काकीनं आपला पदरात बांधून ठेवला. वहिनीनं कागद सोडला, पाव दोन्ही हातांनी धरला आणि एक घास घेतला. एवढा मोठा घास मी तिला कधी घेताना पाहिला नव्हता. दुसऱ्या घासाला काकीनं तिच्या हातातून पाव काढून घेतला. ओढला नाही, हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा अलगद काढून घेतला.

"पुरे झाला गो. नववा हाय तुझा."

वहिनीनं बोटाला लागलेली चटणी चोखली, मग दुसरं बोटही चोखलं, त्याला काही लागलेलं नसताना. स्टँडवरचं कुत्रं आमच्यासमोर येऊन बसलं होतं. काकीनं उरलेला पाव त्याला टाकला. त्याला नववा नव्हता.

आमच्याकडे हे नवीन नाही. सातवा सरला की बाईचं खाणं आखडायचं, भाकरी अर्धी करायची, भाताचं पातेलं तिच्यापुढे ठेवायचं नाही. "बारीक पोर वाट काढतं," असं बाया म्हणतात. दवाखान्यात कुणी विचारलं तर "चांगली खाते" असंच सांगायचं, कारण दवाखाना ओरडतो. सगळ्या वाड्यांत हे चालत असेल-नसेल, मला माहीत नाही. आमच्या वस्तीत चालतं आणि त्याला कारण आहे. डांबरी रस्ता गावात येतो, देवळासमोर वळून थांबतो. तिथून खाली उतरलं की पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, लागतो. पऱ्याच्या पलीकडे आमची बौद्धवस्ती. पूल मंजूर झाल्याचं मी माझ्या लहानपणापासून ऐकते. उन्हाळ्यात पऱ्यातून दगडांवर पाय देत जाता येतं. पावसाळ्यात आजारी माणसाला चादरीच्या डोलीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, पाण्याचा अंदाज बघत उतरावं लागतं. पोट मोठं असलं की डोलीत बाई नीट निजत नाही, आणि पोर मोठं असलं की वाटेत अडतं. म्हणून पोर बारीक हवं. पुलाचं काम असं बायांच्या पोटाकडे आलं.

काकीची स्वतःची मुलगी, माझी आक्का, अशीच गेली. माहेरी आली होती पहिलटकरीण. माझ्या आईनं डिंकाचे लाडू करून पाठवले होते, डबा भरून. काकीनं तिला सकाळ-संध्याकाळ चारले. श्रावणात कळा लागल्या तेव्हा पऱ्याला कमरेच्या वर पाणी. डोली वस्तीच्या काठालाच थांबली. भर दुपार होती. पलीकडे देवळापाशी ॲम्ब्युलन्स उभी होती, ती सगळ्यांना दिसत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लवकर या म्हणून. पाणी उतरेपर्यंत आक्का संपली आणि पोरही. पोर फार देखणं होतं म्हणे, गुटगुटीत, डोक्यावर दाट केस. ते पाहून वस्तीतली एक बाई म्हणाली, "लाडवांनी मारली पोरीला."

त्या बाईला काय, बोलायचं म्हणून बोलली असेल. पण ते वाक्य काकीच्या घरात राहायला आलं ते गेलंच नाही. चालत चालत महाडला, आमच्या दुसऱ्या मजल्यावर आलं, आईच्या कानात बसलं. तेव्हापासून आईनं गावी काही खायचं पाठवलं नाही. दोन्ही घरं एकमेकांशी नीट बोलतात, लग्नाकार्याला जातात, आणि आक्काचं नाव कुणी काढत नाही. म्हणूनच डॉक्टरबाई "कुणाकडे तरी ठेवा" म्हणाल्या तेव्हा काकी माझ्याकडे बघत नव्हती. आमच्याकडे एक खोली रिकामी असते, हे तिला ठाऊक होतं. दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्याइतका आहे, हेही.

गाडी फलाटाला लागली. कंडक्टर "पोलादपूर, पोलादपूर" ओरडायला लागला. काकीनं पिशवी उचलली, दुसरा हात वहिनीच्या दंडाला घातला. त्या हाताला दंड पुरत नव्हता, बोटं पलीकडे जाऊन एकमेकांना भिडत होती.

"काकी," मी म्हटलं, "रक्त चढवायचंय तिला. उद्या."

"गोळ्या दिल्यात ना? त्या खाईल. चल गो, जागा मिळणार नाय."

"नुसत्या गोळ्यांनी नाही होणार."

"तुला कसली माहिती? तुझं अजून लगीन व्हायचंय." ती हसून म्हणाली, कंडक्टरही हसला. "पुस्तकं वाचून बाळंतपण करतेय बघा आमची मास्तरीण!"

वहिनी पायरीशी पोचली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती विनवत वगैरे नव्हती, विनवलं असतं तर मला गप्प बसायला सोपं गेलं असतं. ती फक्त वाट बघत होती, दोघींपैकी कोण जिंकतं ते, जणू बोलणं तिसऱ्याच कुणाविषयी चाललं होतं.

वहिनीला घरी ठेवून घ्यायला मला आईची परवानगी नव्हती. मला भावाचा नंबर पाठ नव्हता. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी कधी मनातसुद्धा जुळवून ठेवलं नव्हतं. आमच्या घरात "गेली" म्हणतात. मी म्हणाले, "आक्का खाऊन नाही मेली, काकी. पोर मोठं होतं म्हणून नाही मेली. तुम्ही पऱ्याच्या पलीकडे अडकलात म्हणून मेली."

काकीचा हात वहिनीच्या दंडावरून सुटला. मागच्या माणसांनी आम्हाला ओलांडून चढायला सुरुवात केली. कुणाचं तरी पोतं काकीच्या खांद्याला लागलं, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मी तिला मारलं असतं तरी तसं झालं नसतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. दिसलं तरी मी थांबले नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनाच्या आवाजात ती म्हणाली, "मग आता पूल झालाय काय गो?"

कंडक्टर दाराला लटकून विचारत होता, येताय की नाही.

"नाही झाला," मी म्हणाले, मला स्वतःला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "म्हणून वहिनी या गाडीत चढणार नाही."