चमच्याला लावलेलं कुलूप

माझी धाकटी जाऊ सर्व्हर सांभाळते. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हे काम म्हणजे नेमकं काय, ते मला कुणी धड सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कानाला हेडफोन लावून दिवसभर बसायची, तीनदा हाक मारावी तेव्हा एकदा ‘ओ’ द्यायची. स्वयंपाकघरात तिचा पाय टिकायचा नाही आणि माझी जीभ स्वस्थ बसायची नाही. पण आज आमच्या घरात जे काही बोलणं ऐकू येतं, ते तिच्यामुळे. म्हणून तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

आमचे हे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत की माल या टोकाला आणि गिऱ्हाईक त्या टोकाला असलं तरी भावात गोंधळ व्हायचा नाही. मग एके दिवशी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात-पाय हळूहळू सुधारले, बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं. समोर चमचा धरला तर चमचा आहे हे कळायचं, पण शब्द ओठांशी येऊन अडायचा. चिडून चमचाच भिरकावून द्यायचे.

आम्ही त्यांना वाचा-उपचार केंद्रात न्यायला लागलो. तिथल्या बाईंनी एक गोष्ट हेरली. साधा शब्द येत नसला तरी ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हे लिलावातलं पुकारणं ह्यांच्या तोंडून न अडखळता बाहेर पडत होतं. बाईंनी त्याच्याच शेपटीला शब्द बांधला. एक वार, दोन वार, तीन वार, चमचा. तो चमचा पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा मी केंद्राच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बाईंनी त्याचा व्हिडिओ केला. केंद्रातले पेशंट घरी टीव्हीवर असे व्हिडिओ बघून सराव करतात, समोरच्याचे ओठ बघून शब्द उचलतात. ह्यांनी खुशीनं मान हलवून परवानगी दिली होती. पण कुणीतरी तो उतरवून घेतला, वर ‘चमच्याचा लिलाव’ असं लिहिलं आणि बाजारात फिरवला. ज्या ओट्यावर उभं राहून ह्यांनी अर्धं आयुष्य काढलं, तिथं लोक पोट धरधरून हसले. एका जुन्या हमालानं रागानं लाल होत आम्हाला येऊन दाखवला, तेव्हा कळलं. कुणी केलं ते अजून कळलेलं नाही. कळलं तर मला भेटायचंय त्याला.

त्या दिवसापासून ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. केंद्रात जायचं, बाईंसमोर बसायचं आणि परत यायचं. सराव थांबला तर आलेले शब्दही हातचे जातील, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. माझं तर अन्नपाण्यावरचं मन उडालं.

जाऊ ह्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली. “दादा, तो व्हिडिओ पुसायचा?” ह्यांनी इतक्या जोरात होकारार्थी मान हलवली की खुर्ची करकरली. ती म्हणाली, “पुसते. पण पेशंट त्यावर सराव करतायत, बाईंना दुसरा तयार करायला महिनाअखेरपर्यंत वेळ हवाय. तोवर त्याला असं कुलूप घालते की कुणाला हात लावता येणार नाही. मग पुसून टाकते. शब्द दिला.”

मग तिच्या सगळ्या सुट्ट्या केंद्रातल्या सर्व्हरपुढे गेल्या. एकदा भाजी निवडताना मी विचारलं की बाई गं, तू करतेस तरी काय.

“व्हिडिओचे बारीक तुकडे करायचे, वहिनी, आणि प्रत्येक तुकडा असा विस्कटून ठेवायचा की चोरला तरी त्यातून काही दिसू नये. जुळवायची किल्ली दुसऱ्याच सर्व्हरवर. पेशंटच्या घरचं ॲप ती मागतं. ओळख पटली तर मिळते, तीही तेवढ्यापुरती. माणसाच्या हाती लागतच नाही.”

“आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर?”

“नुसतं काळं येईल.”

“दुसरा मोबाइल टीव्हीसमोर धरला तर?”

तिचा हात थांबला. “त्याला कुलूप नाही. म्हणून बघणाऱ्याचं नाव चित्रावर पुसटसं फिरत ठेवलंय. चोरायचं तर स्वतःच्या नावासकट चोरा.” मला हे फार आवडलं. दुसऱ्या कुणी ‘काही काळजी करू नका’ म्हणून वेळ मारून नेली असती.

चूक झाली ती कुलपाच्या कडकपणात. नव्याकोऱ्या सिनेमाला लावतात तसं कुलूप तिनं चमच्याला लावलं. लोक ह्यांना हसले याचा राग होता तिच्या मनात, तो सगळा त्या कुलपात उतरला. महिनाअखेरीला आम्ही तिघं केंद्रात होतो, तेवढ्यात बाईंना फोन आला. पलीकडची मुलगी इतक्या चढ्या आवाजात बोलत होती की सगळ्यांना ऐकू गेलं. “आमच्या टीव्हीवर नुसता आवाज येतोय, चित्र काळं. आई त्या ‘एक वार’वाल्यांशिवाय कुणाबरोबर सराव करत नाही. काल तिनं टीव्हीला काठी मारली. काय करू मी?”

जावेचा चेहरा उतरला. “जुना टीव्ही असणार, त्याला एवढं कडक कुलूप उघडता येत नाही. माझंच चुकलं. जाता जाता बघून येऊ.” त्या मुलीच्या घराखाली पोचल्यावर हे गाडीतच बसतो म्हणून हातानं खुणावत होते, पण ऊन इतकं होतं की मी त्यांना दंडाला धरून वर नेलं.

खोली लहान होती. पलंग, औषधांचा ट्रे, भिंतीशी जाडजूड टीव्ही, आणि खुर्चीत काठी धरून बसलेल्या आजी. मुलगी ह्यांना ओळखून बघतच राहिली. जावेनं लॅपटॉप उघडला आणि काय बिघडलंय ते बघायला व्हिडिओ लावला. पडदा काळा, आणि त्यातून ह्यांचा आवाज. एक वार. आजींनी काळ्या पडद्यावर नजर रोखली, ओठ हलवायचा प्रयत्न केला आणि काठी उचलली.

हे उठले. कुणी सांगितलं नव्हतं. टीव्हीपुढे जाऊन आजींसमोर स्टुलावर बसले. मागून आवाज येत होता, पुढून ह्यांचे ओठ हलत होते. पहिल्यांदा नुसते ओठ. जावेनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. या खेपेला दोन आवाज ऐकू आले, एक टीव्हीचा आणि एक ह्यांचा, घोगरा, न वापरलेला. एक वार, दोन वार, तीन वार, चमचा. आजींनी काठी खाली ठेवली, ह्यांच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाल्या, “चम… चा.”

मुलगी मटकन पलंगावर बसली. “वारच्या पुढे कधी गेली नव्हती हो,” एवढंच म्हणाली.

जावेनं मग खालमानेनं काम उरकलं. व्हिडिओच्या मोठ्या स्वच्छ चित्राची किल्ली वेगळी केली, लहान, जरा पुसट चित्राची वेगळी. मोठ्याला नियम कडक, लहानाला जुन्या टीव्हीला झेपतील असे. चित्र दिसायला लागलं तेव्हा आजींनी हातानंच ‘बंद कर’ म्हटलं. समोर खरा माणूस बसला होता, त्यांना तो टीव्हीतला कशाला हवा होता? आम्ही तासभर बसलो. निघताना मुलीनं ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर जाऊ समोर बघतच म्हणाली, “दादा, महिना संपला. मी शब्द दिलाय, विसरले नाहीये. घरी गेल्यावर पुसून टाकू?”

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सिग्नल सुटला, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. ह्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मला वाटलं आता ‘एक वार’पासून सुरू करतील.

“नको,” हे म्हणाले. सरळ, एकदम.

जावेनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. तिचे खांदे हलत होते. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “बाई, तू आमच्या घरात आलीस हे फार बरं झालं.” इतक्या वर्षांत हे मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. पुढच्या सीटवर हे जोरजोरात होकारार्थी मान हलवत होते.