टाकीतले अकरा

किश्शांचे एक बरे असते. ते जमवावे लागत नाहीत; चार माणसे वर्षानुवर्षे एकाच खोलीत चहा पिऊ लागली की ते आपोआप साचतात. साताऱ्याच्या आमच्या शाळेत असे पुष्कळ साचले. मित्रांत बसलो की मी हेडमास्तरांच्या छत्रीपासून आरंभ करतो. दामल्यांच्या मत्स्यपात्राकडे मात्र सहसा वळत नाही. आज वळतो.

दामले शास्त्र शिकवीत, मी संस्कृत. प्रयोगशाळेत काचेची एक मोठी पेटी पडून होती. तीत वाळू आणि पाणवनस्पती घालून दामल्यांनी वर्गाला दाखविण्यासाठी वेण्णा नदीतले पाच लहान मासे ठेवले. मी तिला मत्स्यपात्र म्हणे, ते टाकी म्हणत. त्यांचे नियम दोनच. सहाच्या वर मासा नको. आणि दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचे, तेही आदल्या दिवशी मातीच्या घागरीत भरून ठेवलेले. ताज्या पाण्याने मासा दचकतो, असे ते सांगत. दचकणे हे क्रियापद माशाला लावावे की नाही, यावर आमचा एक अख्खा तास खर्ची पडला होता.

*

सहावा मासा शिवरामने आणला. आमचाच जुना विद्यार्थी. लढाई चालू होती आणि तो पलटणीत निघाला होता. माशाच्या शेपटीवर काळा ठिपका होता. "सर, ह्यो माजा. मी येस्तवर सांभाळा," असे तो हसत म्हणाला.

त्याच्या आईने, साळूबाईने, ते हसण्यावारी नेले नाही. दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, तीन कोस चालून ती येई, टाकीपुढे उभी राही, ठिपका दिसला की पदर सावरून निघे. तोवर दामल्यांचा जीव थाऱ्यावर नसे. एखाद्या रविवारी तो दिसला नाही तर, या विचाराने त्यांना शनिवारचे जेवण जाईनासे झाले.

*

एकदा तिने पाणी बदलताना पाहिले. कालचे पाणी आहे, हे कळताच ती दारातच थबकली.

"शिळं पानी आमी म्हशीलाबी दावत न्हाई, गुरुजी. अन् माज्या पोराला?"

दामल्यांनी तिला सारे शास्त्र समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढच्या रविवारी आडाचे ताजे पाणी कळशीत घेऊन आली. ती वळली की दामले ते आवारातल्या जास्वंदीला घालीत. त्या वर्षी जास्वंद फार फुलली.

*

शिवरामची पत्रे येत राहिली. तिकडे मासा पोहत राहिला. आसपासच्या गावांत पलटणीत कोणी नाही असे घर विरळा. टाकीत मासा आहे तोवर पोर सुखरूप आहे, हे बोलणे पसरायला कितीसा वेळ? आया लोट्यातून, तांब्यातून मासे आणू लागल्या. दामल्यांना एकीलाही नाही म्हणता आले नाही. शिवरामच्या जोडीला आणखी पाच जण आले आणि मासे अकरा झाले.

सकाळी पाहावे तो सगळे पाण्याच्या वर तोंडे काढून धापा टाकीत असत. हेडमास्तरांनी पाच मासे नदीत सोडण्यास फर्मावले.

वर्गाचे पाच कोणते आणि मागून आलेले पाच कोणते, हे आता ओळखू येत नव्हते. दामल्यांनी विचारले, "कोणाचे पाच?"

हेडमास्तर पुन्हा प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत. त्या दिवसापासून पाणी रोज बदलू लागले.

*

पुढचा प्रमाद माझा. दामले दोन दिवस सांगलीला बहिणीकडे गेले आणि टाकी माझ्यावर सोपविली. नेमकी घागर फुटली. तांब्याच्या भांड्यातले पाणी शुद्ध, हे मला बाळपणापासून पाठ! मी बापू शिपायाला शाळेचा हंडा घासून भरून ठेवण्यास सांगितले. त्याने तो चिंचेने असा लखलखीत केला की आत तोंड दिसावे.

दुसऱ्या दिवशी ते पाणी घातले आणि घटकाभरात मासे कुशीवर कलू लागले. तेवढ्यात दामले परतले. त्यांनी हंड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, "तांबे माशाला विष!" एवढे म्हणून बापूच्या घरच्या मातीच्या भांड्यांत मासे हलविले. दहा वाचले. मेला तो ठिपक्याचा.

शनिवारी आम्ही दोघे वेण्णेत गुडघाभर पाण्यात उभे होतो, माझे उपरणे जाळ्यासारखे धरून. काठाने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने मोठ्या आपुलकीने विचारले, "गुरुजी, आज कालवनाचा बेत हाय जनू?" मी मान हलविली, कोणत्या अर्थाने, ते मला अद्याप सांगता येणार नाही.

ठिपका असलेला मासा अखेरीस गवसला. अंगाने किंचित बारीक होता. रविवारी साळूबाई त्याच्याकडे नेहमीपेक्षा अधिक वेळ पाहत राहिली. आम्ही आढ्याकडे पाहत होतो.

"वाळलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पत्रातबी तसंच लिवलंय त्येनं."

*

पावसाळा सरता सरता साळूबाईच्या घरी पलटणीची तार आली. तिच्यातली तारीख कोणती, हे आम्ही दोघांनीही कोणाला विचारले नाही.

मासा धडधाकट होता. ती येण्यापूर्वी तो दृष्टीआड करावा, असे दामल्यांच्या मनात होते. दोनदा त्यांनी बाह्या सारल्या. पाण्यात हात गेला नाही. ती येणारच नाही, असे मी म्हणालो.

ती आली. डोक्यावर मातीची घागर होती, तोंडाला फडके बांधलेले. तीन कोस ती तशीच आणली होती. तिने घागर उतरविली आणि दामल्यांना म्हणाली, "कालचं हाय. भरून झाकून ठिवलं व्हतं."

तिने स्वतःच लोट्याने थोडे थोडे पाणी सोडले, मासे दचकणार नाहीत असे. मग काचेवर बोट टेकवून तो ठिपक्याचा मासा दाखविला.

"ह्यो ज्या कुनाचा असंल, गुरुजी, त्येला जपा."