सिटाडेलचं गेट

सोसायटीत राहिलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, मेंटेनन्सच्या बिलासारखे आपोआप दारात येतात. आमच्या बदलापुरातले बहुतेक गेटवरचेच.

बिल्डरने कमानीवर 'सिटाडेल' लिहिलं आणि गेला निघून. पहिल्याच मीटिंगला कुणीतरी विचारलं, म्हणजे काय हो? चेअरमन साठे सर, इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर, लगेच उभे. "मूळ शब्द इटालियन. छोटं शहर. शहराच्या पोटात बांधलेला बालेकिल्ला. शत्रू आत शिरला की सगळं गाव तिथे आसऱ्याला यायचं." पाठोपाठ ठराव: फ्लॅटवाल्याने अ‍ॅपवर मंजुरी दिल्याशिवाय आत कुणी येणार नाही.

एका वॉचमनने ओळखीचा म्हणून कुणाला तरी तसंच सोडलं. संध्याकाळी त्याची नोकरी गेली. त्याच्या जागी भोईर आला, नदीकाठच्या वाडीतला. घर याच पगारावर, म्हणून जाम घाबरून असायचा.

उल्हासनगरचा पडदेवाला सिंधी शेठ शिडी घेऊन ताटकळला. "साईं, अंदर आने को व्हिसा लगेगा क्या?" भोईर म्हणाला, "शेठ, पहिले फोटो काढू द्या."

अंबरनाथहून सरांचे साडू आले, तर सर अंघोळीला. साडू उन्हात उभे. सरांनी खाली येऊन सगळ्यांदेखत पाठ थोपटली, ती भोईरची. साडू त्याच रिक्षाने परत गेले.

आणि मग ती जुलैतली दुपार. नदी वाडीत घुसली. गेटबाहेर कमरेपर्यंत भिजलेली माणसं, कडेवर पोरं, दोन शेळ्या. पाणी रस्ता चढत होतं. आम्ही खाली धावलो. भोईरचा हात कडीवर, पण कडी काढवत नव्हती. गर्दीत त्याची बायको होती. ती त्याच्याकडे बघत होती.

साठे सर छत्री घेऊन आले. "कोण आहेत?"

"सर, वाडीतली. ही... घरची."

"अ‍ॅपवर टाकलंस?"

भोईरने मोबाईल सरांपुढे धरला. "कोणाचे पाहुणे म्हणून टाकू, सर?"

सर त्या माणसांकडे बघत राहिले. मग छत्री मिटली.

"सहाशे दोन. माझे."

कडी निघाली. माणसं आत येत होती, भोईर एकेकाला अ‍ॅपवर टाकत होता. तेवढ्यात केबिनमधला इंटरकॉम वाजला. सहाव्या मजल्यावरून साठेकाकू.

"भोईर, दूध संपलंय म्हणावं. सगळ्यांना कोरा चहा चालेल ना?"