नटीच्या डोक्यावरचा आमचा हंडा

अकोल्यात आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. सिनेमे मिळेनासे झाल्यावर राजकारणात आलेली एक नटी प्रचाराला आली, तो सहावा दिवस होता. घरात पिण्याच्या पाण्याचे दोनच हंडे उरले होते. टंचाईचा फोटो हवा म्हणून तिने त्यातला एक डोक्यावर घेतला. पहिले दोन फोटो तिला पसंत पडले नाहीत. तिसऱ्यात हंडा कलला आणि अर्धं पाणी अंगणात गेलं.

बायको म्हणाली, "ताई, आता रिकामाच घ्या. तुमाले अ‍ॅक्टिंग येते, आमाले नळ आणता येत नाही."

नटी मनापासून हसली. उरलेल्या दीड हंड्यात आम्ही चौघांनी दोन दिवस काढले. मत मी तिलाच दिलं. टंचाईसाठी प्रत्यक्ष काही केलेली ती एकटीच उमेदवार होती.